पाठ न टेकणारे व्हायकिंग

सर्जेरावच्या छातीत चौथ्यांदा कुऱ्हाड बसली आणि चौथ्यांदा तो पोटावर पडला.

"कट," दिग्दर्शक आदित्य सर माझ्याकडं वळून म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर परवडलं असतं. "रशीदभाई, तुमचा माणूस पाठीवर का पडत नाही? कॅमेरा वर लावलाय. मला मरणाऱ्याचं तोंड हवंय."

कुऱ्हाड रबराची होती. सर्जेरावच्या अंगावर मेंढीच्या कातड्यासारखा दिसणारा अंगरखा होता, काळ्याभोर मिशीवर सोनेरी दाढी चिकटवलेली होती आणि डोक्यावर दोन शिंगांचं शिरस्त्राण होतं. त्यातलं एक शिंग चिखलात रुतलं होतं. तो उठायला गेला तेव्हा शिरस्त्राण तिथंच राहिलं.

माझ्या शेजारी फाइट मास्टर उभे होते. फाइट मास्टर म्हणजे चित्रपटातल्या मारामाऱ्या बसवणारा माणूस. कोण कुणाला कुठं मारणार आणि कोण कसा पडणार, हे सगळं तो ठरवतो. मास्टर माझ्याकडं न बघता म्हणाले, "मी मुंबईतच सांगितलं होतं. ह्यांना मरता येत नाही."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून दुसऱ्यांदा ऐकत होतो. पहिल्यांदा ऐकलं त्याचा राग अजून माझ्या पोटात होता.

माझा धंदा माणसं पुरवायचा आहे. वडील सायकलवर सहाणेचं चाक बांधून गावोगाव सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचे. मी वाईला शूटिंगच्या गाड्या चालवता चालवता या लाइनीत शिरलो. चित्रपटात मारामारीच्या जागी दोन प्रकारची माणसं लागतात. एक क्राउड. ती मागं उभी राहतात, भाले हलवतात, ओरडतात. दुसरे फाइटर. ते पुढं असतात, मारतात, मार खातात, पडतात. सातारा-सांगलीच्या माणसाला क्राउडमध्ये कायम काम मिळतं. फाइटर मात्र मुंबईहून बस भरून येतात. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या ऐतिहासिक चित्रपटात मी पहिल्यांदा माझी माणसं फाइटर म्हणून दिली. दुसऱ्याच दिवशी याच मास्टरांनी त्यांना मागं, झेंड्यांच्या रांगेत नेऊन उभं केलं. कारण विचारलं तर हेच वाक्य ऐकवलं. पुढं वर्षभर जिल्ह्यातली माणसं मला हसत होती.

म्हणून या चित्रपटाला मी अट घातली होती. माझी चाळीस माणसं फाइटर म्हणून लागतील, क्राउड म्हणून नाही, आणि चित्रपटाच्या शेवटी त्यांची नावं फाइटर म्हणून येतील. बाकी सगळ्यात मी नमतं घेतलं, एवढ्यात नाही. आदित्य सर बोलणी करताना दोनदा खुर्चीवरून उठले आणि मी तीनदा. शेवटी ते हो म्हणाले.

चित्रपट व्हायकिंगांचा होता. व्हायकिंग म्हणजे हजारएक वर्षांपूर्वीचे उत्तर युरोपातले दर्यावर्दी, व्यापारी आणि लुटारू. त्यांच्या दोन टोळ्यांची लढाई. खर्च वाचवायला परदेशाऐवजी मेढ्याच्या पुढं कोयनेच्या बॅकवॉटरला आले होते. फेब्रुवारीत तिथं सकाळी पाण्यावर धुकं असतं आणि मागं उभे डोंगर. कॅमेरा एका अंगाला वळवला की नॉर्वे. दुसऱ्या अंगाला वळवला की स्ट्रॉबेरीचे वाफे. प्लायवूडची एक लांब होडीही काठाला लावली होती. तिच्या नाकाडावर नागाचं तोंड होतं, आणि गावातलं कुणीतरी रोज सकाळी त्याला हळद-कुंकू लावायचं. ते पुसायला आर्ट डिपार्टमेंटचा माणूस रोज जायचा.

माणसं मी नीट निवडली होती. निम्मी कडेगावच्या बाजूची, तालमीतली. उरलेली सातारच्या बाजूची, तीही कुस्ती केलेली, त्यातले काही फौजेतून परत आलेले. मला वाटलं, अंगानं दांडगी, मातीत लोळायला न लाजणारी, मार खाऊन हसणारी ही माणसं मारामारीला सोन्यासारखी.

मारामारीला होती. पडायला नव्हती.

ज्यांनी कुस्ती बघितलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडच्या कुस्तीत दोन्ही खांदे, म्हणजे पाठ, मातीला लागली की खेळ संपला. तोंडावर पडा, गुडघ्यावर या, कुशीवर जा, काही बिघडत नाही. पाठ लागली की हरलात. पोरगं दहा वर्षांचं असल्यापासून वस्ताद त्याला एकच शिकवत असतो, पाठ लागू द्यायची नाही. अगदी पडायचीच वेळ आली तर हवेत वळायचं. वळता नाही आलं तर डोकं आणि टाचा टेकवून कंबर वर उचलायची. हे विचार करून होत नाही. अंगच करतं.

मी सर्जेरावला बाजूला घेतलं. सर्जेराव कडेगावकडचा, चाळिशीचा. गुडघा गेल्यावर त्याची कुस्ती सुटली होती, आता ऊस आणि दोन म्हशी. पण अजूनही तालमीतली पोरं त्याचं ऐकायची.

"सर्जेराव, पिक्चर हाय हा. मैदान न्हाई. पडायचं पाठीवर, तोंड वर, डोळं मिटायचं. संपलं."

"आवं भाई, मी पडतोयच की."

"पोटावर पडतोयस."

"जाताना पाठीवरच जातोय. मधी कायतरी हुतंय." त्यानं दाढी खाजवली. डिंकानं त्याला पुरळ उठलं होतं. "अंग वळतंय. मला इचारत न्हाई ते."

"मग आता विचारायला लाव."

त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "आनि दुसरं सांगू का? हे पडद्यावर येनार. गावात सगळं बगनार. सर्जाची पाठ लागली, ती बी सोनेरी दाढीवाल्यानं लावली, म्हनतील. मेलो तर मेलो, त्येचं काय न्हाई."

मी चिडलो. मी काय बोललो ते इथं लिहीत नाही. माझं बोलून झाल्यावर सर्जेराव म्हणाला, "झालं का? पानी प्या थोडं."

पाचव्या टेकला मास्टरांनी खाली जाड गादी टाकली. टेक म्हणजे एकाच शॉटचा प्रत्येक प्रयत्न. या वेळी सर्जेरावनं खरंच मन घट्ट केलं. कुऱ्हाड बसली, तो मागं गेला, पाठ गादीपर्यंत आली आणि शेवटच्या क्षणी त्याच्या अंगाची कमान झाली. डोकं आणि टाचा खाली, पोट आभाळाकडं. शिंगं गादीत घुसली. मग तो सावकाश कुशीवर वळला आणि तसाच मेला.

"मेलेला माणूस कूस का बदलतोय?" आदित्य सरांनी विचारलं.

दुसरी चार पोरं उभी करून बघितली. एक जण तर मरता मरता मारणाऱ्याचा पाय धरून त्याला घेऊनच पडला. मारणारा हिरो होता. पडदा ओढलेल्या व्हॅनमध्ये जाऊन तो अर्धा तास बाहेर आला नाही.

काठावर बघ्यांची गर्दी होती. एक म्हातारा शेतकरी शिंगवाल्यांच्या रांगेकडं बघून शेजाऱ्याला म्हणाला, "औंदा बेंदूर लयच लवकर आला की रं." बेंदूर म्हणजे आमच्याकडचा बैलांचा सण. त्या दिवशी बैलांची शिंगं रंगवतात. गर्दी हसली. माझी माणसंही हसली. हसले नाहीत ते मास्टर.

"जेवणानंतर ठरवू," आदित्य सर म्हणाले. "मास्टर मुंबईला फोन करतायत. बस निघाली तर उद्या सकाळी फाइटर इथं असतील. तुमची माणसं मागं उभी राहतील. नाराज होऊ नका, रशीदभाई. मला दिवसाला ठरलेले शॉट संपवायचे असतात."

म्हणजे पुन्हा झेंड्यांची रांग. आणि या वेळी मागं गेलो असतो तर पुन्हा कुणी पुढं घेणार नव्हतं. एकदा चुकलो तर माणसं नशिबाला बोल लावतात. दोनदा चुकलो की 'ह्यांना मरता येत नाही' हेच कायमचं चिकटतं.

जेवणाच्या तंबूत मी एका टेबलावर बसलो. समोर केतकी मॅडम होत्या. त्या पुण्याच्या. युरोपचा जुना इतिहास शिकवतात. चित्रपट ज्या कंपनीच्या ॲपवर येणार होता, तिनं सांगितलं होतं की इतिहासाचा एक सल्लागार ठेवा. म्हणून त्यांना ठेवलं होतं, आणि ठेवल्यासारखंच ठेवलं होतं, छत्रीखाली, कॅमेऱ्याच्या मागं. त्या रोज काहीतरी सांगायच्या आणि रोज आदित्य सर म्हणायचे, "मॅडम, लोक रविवारी वर्गात बसायला येत नाहीत."

"तुमच्या लोकांचं काय ठरलं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. सांगताना माझा आवाज वाढला. त्यांनी भाकरी मोडता मोडता सगळं ऐकून घेतलं.

"शिंगांबाबतही कुणी ऐकून घेत नाही," त्या म्हणाल्या. "व्हायकिंगांनी लढाईत शिंगांची शिरस्त्राणं घातल्याचा काहीही पुरावा नाही. दीडएकशे वर्षांपूर्वी तिकडच्या एका संगीत नाटकाच्या कपडेपटात ती आली आणि तेव्हापासून लोकांना तीच खरी वाटतात. मी हे पहिल्या दिवशी सांगितलं. मला म्हणाले, शिंगांशिवाय प्रेक्षक ओळखणार नाहीत."

मला त्या क्षणी शिंगांशी काही देणंघेणं नव्हतं. मी हूं हूं करत होतो.

बाहेर माझी माणसं जेवून पाण्याकाठी बसली होती. तालमीतली माणसं जेवल्यावर स्वस्थ बसतील असं नाही. सर्जेराव आणि सातारच्या बाजूचा एक फौजी गोल लाकडी ढाली समोरासमोर लावून एकमेकांना रेटत होते. दोघांच्या मागं आणखी दोघं दोघं लागले. मग आणखी. खांद्याला खांदा, ढालीवर ढाल. हसणं चालू होतं, पण पाय मातीत रुतलेले होते.

मॅडम जेवायच्या थांबल्या.

"हे त्यांना कुणी शिकवलं?"

"कुणी न्हाई. जिरवतायत जेवण."

"ढालींची भिंत म्हणतात याला," त्या म्हणाल्या. "जुन्या वर्णनांत आहे. रांगेत उभं राहायचं, एकाच्या ढालीची कड दुसऱ्याच्या ढालीवर. ते नेमकं कसं लढायचे याबद्दल अभ्यासकांत वाद आहेत, मी छातीठोक सांगणार नाही. पण उड्या मारत एकटे एकटे कुऱ्हाडी फिरवत नव्हते, एवढं नक्की. दाटीवाटी असायची. रेटारेटी असायची. भिंत ज्याची फुटली तो संपला."

"आणि भिंत फुटली की माणूस कसा पडतो?"

त्या विचारात पडल्या. "पुढून रेटा असतो, मागून रेटा असतो. मागं पडायला जागाच नसते. गुडघ्यावर येत असेल. पुढं तोंडावर जात असेल."

मी ताट तसंच ठेवलं आणि उठलो. खरं सांगतो, इतिहासाचं प्रेम मला त्या क्षणी उफाळून आलं नव्हतं. मला एवढंच दिसलं की या लढाईत पाठीवर पडावं लागत नाही.

आदित्य सर त्यांच्या तंबूत मॉनिटरसमोर बसून सकाळचे शॉट बघत होते. मास्टर शेजारी, कानाला फोन. मी म्हणालो, "एक टेक माझ्या पद्धतीनं घ्या. मग बस बोलवायची तर बोलवा."

"काय पद्धत?"

मी बाहेर बोट दाखवलं.

मास्टर म्हणाले, "ही ढकलाढकली आहे. ॲक्शन नाही. यात बघायचं काय?"

"आमच्याकडं भर उन्हात चार-चार तास हेच बघायला माणसं झाडावर चढून बसतात."

"तुमच्याकडं बसत असतील."

तिथं माझा तोल गेला. मागच्या चित्रपटाचं सगळं काढलं. झेंडे काढले, रांग काढली, वर्षभराचं हसू काढलं. मास्टरनीही काढलं. त्यांचं म्हणणं होतं की तेव्हा माझ्या एका माणसानं खोटी तलवार टाकून त्यांच्या फाइटरला खरा धोबीपछाड मारला होता आणि त्याची बरगडी दुखावली होती. हे मला माहीत नव्हतं. मला कुणी सांगितलंच नव्हतं.

"तुमचं भांडण पॅकअपनंतर करा," आदित्य सर म्हणाले. पॅकअप म्हणजे दिवसाचं काम संपणं. ते उठून दाराशी गेले आणि बाहेर बघत राहिले. मग विचारलं, "तोंडं दिसतील का?"

"कॅमेरा खाली घेतला तर तोंडांशिवाय काही दिसणार नाही," केतकी मॅडम मागून म्हणाल्या. त्या कधी आल्या ते मला कळलं नव्हतं. "पण शिंगं काढावी लागतील. भिंतीत शेजाऱ्याच्या डोळ्यात जातील."

"शिंगं पोस्टरवर आहेत, मॅडम."

"मग त्या पोस्टरवाल्यांना उभं करा भिंतीत."

आदित्य सर हसले. पहिल्यांदाच. मी संधी सोडली नाही. घासाघीस हे माझं रोजचं काम. मी म्हणालो, "सरदाराला राहू द्या शिंगं. लढाईत नको. मेजवानीच्या सीनमध्ये घालू दे त्याला, मिरवायला. फौजेची काढा."

मॅडमनी कपाळाला आठ्या घातल्या. "तेही चूक आहे."

"चाळीस डोक्यांवरची जातायत, मॅडम. एका डोक्यावरची राहतायत. घ्या."

त्यांनी ते मान्य केलं.

एक वाजून गेला होता. शिंगं पिळून काढली. ती नुसती स्क्रूनं बसवलेली होती. कॅमेरा जमिनीपासून हातभर उंचीवर लावला. माणसं दोन रांगांत उभी केली. मी मुद्दाम कडेगावकडची एका बाजूला आणि सातारकडची दुसऱ्या बाजूला लावली; कुस्तीच्या मैदानात दोघांची जुनी चुरस. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगायची गरजही पडली नाही. त्यांनी एकमेकांकडं बघितलं आणि दोन-तीन जणांनी मांडीवर शड्डू ठोकले. मास्टर ओरडले, "मांडी नका ठोकू. व्हायकिंग आहात."

ॲक्शन म्हटलं आणि ढालींवर ढाली आदळल्या. तो आवाज मी आधी कधी कुठल्या सेटवर ऐकलेला नव्हता. नंतर लावायचा आवाज नव्हे, खऱ्या लाकडाचा. माना फुगलेल्या, दात आवळलेले, पायाखालची माती मागं सरकणारी. कुणी अभिनय करत नव्हतं. काठावरच्या गर्दीतला एक ओरडला, "दाब की रं!" मग सगळेच ओरडायला लागले. आदित्य सर कट म्हणायचं विसरले.

पण एक घोटाळा होता. गोष्टीप्रमाणं सर्जेरावची टोळी हरायची होती. हिरो समोरच्या बाजूला होता. आणि कडेगावची रांग हरायला तयार नव्हती. उलट ती हिरोला हळूहळू स्ट्रॉबेरीकडं रेटत निघाली होती.

"कट, कट."

मी धावत गेलो. "सर्जेराव, तुमी हरायचं हाय."

"का म्हनून?"

"गोष्टीत लिवलंय."

"आमी काय कमी हाय का भाई? तुमीच बगा की." मागच्या पोरांनी माना हलवल्या. घाम आणि डिंक मिसळून दाढ्या गळ्यावर आल्या होत्या.

मी तोंड उघडणार तेवढ्यात मास्टर पुढं आले. ते चिखलात उकिडवे बसले, सर्जेरावच्या पायांकडं बघत. म्हणाले, "पैलवान, तुम्ही कसे हराल ते तुम्हीच सांगा. पाठ न लावता."

सर्जेरावनं आपल्या पोरांकडं बघितलं. मग पाण्याकडं. "आमाला त्या पान्याच्या अंगाला उभं करा. मागं गाळ हाय. ह्येंचा पहिला रेटा आला की पाय ऱ्हानार न्हाईत. गुडघ्यावर येऊ, रांग फुटंल. चिखलानं हरलो म्हन्ता येतंय. चिखलानं कुनीबी हरतंय."

"अजून पाणी टाकलं तर?" मास्टरनी विचारलं.

"टाका की. आमी मुद्दाम न्हाई पडनार. पाय गेला तर जानार."

"चालेल," मास्टर म्हणाले आणि टँकरवाल्याला हाक मारली.

पुढचा शॉट एकदाच घेतला. सर्जेरावची रांग चिखलात उभी राहिली आणि तरीही झुंजली. बराच वेळ झुंजली. मग एकाची टाच गेली, मग शेजाऱ्याची. सर्जेराव शेवटपर्यंत उभा होता. मग तोही गुडघ्यावर आला, ढाल सुटली, हात पुढं टेकले आणि तोंड सरळ कॅमेऱ्यासमोर आलं. त्यात हरल्याचा राग होता, दम होता, अविश्वास होता. तो राग खरा होता, कारण समोरचे सातारचे होते.

मॉनिटरवर बघताना आदित्य सर म्हणाले, "हे मी सांगून करून घेऊ शकलो नसतो." केतकी मॅडमनी तो शॉट पुन्हा लावायला सांगितला आणि पुन्हा बघितला.

मास्टरनी मुंबईला फोन लावला आणि बस थांबवली. माझी माणसं सगळ्या शेड्यूलला पुढंच राहिली. उड्या आणि कुऱ्हाडीही झाल्याच. हिरोला त्या हव्या होत्या आणि त्याला त्या दिल्या. पाठीवर मरणारी चारपाच माणसं मास्टरनी शेवटी मुंबईहून बोलावली. त्यावर मी वाद घातला नाही.

चित्रपट आला. शेवटी फाइटर या शब्दाखाली चाळीस नावं आली. अक्षरं बारीक होती आणि भराभर वर गेली. सर्जेरावच्या गावात पोरांनी चित्र थांबवून ती वाचली. माझं नाव मात्र 'स्थानिक सहकार्य' या ओळीत, जेवण पुरवणाऱ्याच्या खाली आहे. त्याबद्दल माझं आदित्य सरांशी बोलणं अजून चालू आहे.

मागच्या महिन्यात मास्टरांचा फोन आला. नवा चित्रपट, वेगळा काळ, किल्ल्याच्या दारावरची लढाई. तीस माणसं हवीत म्हणाले, तीच कुस्तीवाली.

"पाठीवर पडणार नाहीत," मी म्हणालो.

"माहीत आहे. दार रेटायला हवीत."

तेव्हापासून मी एक पद्धत पाडली आहे. माणसं द्यायच्या आधी त्यांना काय येत नाही ते मी पहिल्यांदा सांगतो. त्यानं भाव पडत नाही. उलट समोरचा विचारतो, मग काय येतं, आणि बोलणं तिथून सुरू होतं.